सहकुटुंब दिल्ली : पुणेकरांसाठी राजधानीची वाट

दिल्लीची सहल वानवडीपासून सुरू करावी, असे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. पण शिंदे छत्रीच्या आवारात अर्धा तास घालवून मग रेल्वेचे आरक्षण केले, तर पुढच्या सहलीला निराळाच अर्थ येतो. ज्या महादजी शिंद्यांनी १७७१ मध्ये दिल्ली ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी शाह आलम बादशहाला त्याच्या गादीवर नेऊन बसवले, त्यांचा शेवट १२ फेब्रुवारी १७९४ रोजी इथेच, पुण्याच्या वेशीवर झाला. बादशहाने दिलेली 'वकील-इ-मुतलक' या पदाची सनद आणि वस्त्रे पेशव्यांना अर्पण करण्यासाठी ते १७९२ मध्ये दिल्लीकडून पुण्यात आले होते. दिल्ली-पुणे हा प्रवास मराठी माणसाला नवा नाही. तेव्हा त्याला महिने लागत, आता विमानाने दोन-सव्वादोन तास पुरतात.

तरीही पुण्यातील अनेक कुटुंबांची दिल्लीची सहल फसते. त्याचे कारण बहुतेक वेळा दिल्लीत नसते, घरातल्या कॅलेंडरमध्ये असते. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण निघालो होतो. वडिलांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. १५ ऑगस्टचे भाषण आयुष्यभर आधी रेडिओवर ऐकलेला आणि नंतर दूरदर्शनवर पाहिलेला हा माणूस. त्यांना दिल्लीत एकच गोष्ट पाहायची होती, ती म्हणजे लाल किल्ला. आम्ही रविवारी रात्री पोहोचलो, सोमवारी सकाळी सर्वांना घेऊन लाहोरी दरवाजासमोर उभे राहिलो आणि तिथे कळले, की सोमवारी किल्ला बंद असतो. मंगळवारी पहाटेची आग्र्याची गाडी होती, परतीची तिकिटे आग्र्याहून काढलेली होती. वडील काही बोलले नाहीत. 'बाहेरून तरी पाहिला' म्हणाले. पुन्हा जाण्याचा योग त्यांच्या आयुष्यात आला नाही. ही चूक संपूर्णपणे माझी होती. पुढची माहिती प्रामुख्याने ती चूक कोणाकडून होऊ नये यासाठी आहे.

कधी जावे?

पुण्यातील शाळांना लांब सुट्या दोनच असतात, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. दुर्दैवाने दिल्लीसाठी या दोन्ही वेळा वाईट आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीपासून दिल्लीची हवा बिघडू लागते. वारा पडतो, थंडीमुळे धूर जमिनीलगत अडकून राहतो आणि पंजाब-हरियाणातील शेतात जाळलेले पेंढे, वाहने, बांधकामांची धूळ व फटाके या सर्वांची त्यात भर पडते. नोव्हेंबरमध्ये हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक चारशेच्या पलीकडे, म्हणजे 'गंभीर' श्रेणीत जाणे ही तेथे दरवर्षीची गोष्ट झाली आहे. दमेकरी, हृदयविकाराचे रुग्ण आणि लहान मुले यांना या दिवसांत तेथे नेणे ही केवळ गैरसोय नाही, धोका आहे. डिसेंबर-जानेवारीत त्यावर धुक्याची भर पडते. गाड्या आठ-दहा तास उशिरा धावतात आणि पहाटेची विमाने रद्द होतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. 'लू' म्हणजे काय हे पुण्यात बसून कळत नाही. किल्ल्याच्या तापलेल्या फरसबंदीवर दुपारी दोन वाजता उभे राहिले म्हणजे ते समजते.

मग उरते काय? फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्च. हवा बरी असते, गारवा असतो, रस्त्याकडेच्या बागा फुललेल्या असतात आणि राष्ट्रपती भवनातील अमृत उद्यान (२०२३ पर्यंतचे मुघल उद्यान) याच सुमारास सर्वांसाठी खुले असते. ज्या शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यांच्या मुलांना वार्षिक परीक्षा आणि नवे वर्ष यांच्यामध्ये मार्चअखेरीस आठवडाभराची फट मिळते. ती पकडावी. इतरांनी शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची रजा काढावी. मुलांची तीन दिवस शाळा बुडाली तर काही बिघडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षक सहमत होतील याची खात्री देता येत नाही. दिवाळीशिवाय पर्यायच नसेल, तर मुखपट्ट्या घ्याव्यात, ज्येष्ठांना त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय नेऊ नये आणि सकाळऐवजी दुपारचे वेळापत्रक आखावे.

आता वारांविषयी. लाल किल्ला, राष्ट्रपती भवन, लोटस टेंपल, अक्षरधाम, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात. हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार मात्र रोज खुले असतात. म्हणून सोमवार या दोघांना द्यावा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. स्वातंत्र्यदिनाच्या आधीचे काही दिवस लाल किल्ला आणि प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्यपथाचा परिसर पर्यटकांना बंद असतो, हेही ध्यानात ठेवावे.

कसे जावे, कुठे उतरावे?

विमानांची सोय भरपूर आहे. पण घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील, तर एका बाजूने तरी रेल्वेनेच जावे. झेलम एक्स्प्रेस आणि वास्कोहून येणारी गोवा एक्स्प्रेस दौंड, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा या मार्गाने दिल्लीला जातात. प्रवास एक अहोरात्र आणि वर काही तासांचा आहे. पण मराठ्यांच्या फौजा ज्या मुलखातून उत्तरेत गेल्या, तो तापी, नर्मदा आणि चंबळ ओलांडणारा मुलूख खिडकीतून दिसतो. पुण्याहून निजामुद्दीनसाठी दुरांतोसारख्या वेगवान गाड्याही आहेत, त्या वसई, वडोदरा, कोटा या वाटेने जातात. आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती, त्या जुन्या हिशेबाने कोणी चार महिने आधीच तारीख शोधू नये.

एक युक्ती सांगावीशी वाटते. झेलम आणि गोवा या दोन्ही गाड्या आग्रा कँटोन्मेंटला थांबतात. सहलीत आग्रा धरायचेच असेल तर जाताना तेथेच उतरावे, एक मुक्काम करावा आणि मग दिल्लीत जावे. दिल्लीहून आग्र्याला जाऊन-येऊन एका दिवसात करण्याच्या दगदगीपेक्षा हे कितीतरी सुखाचे. तरीही एकाच दिवसात उरकायचे असल्यास निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्स्प्रेस पावणेदोन तासांत पोहोचवते. ती शुक्रवारी धावत नाही. आग्र्यात ताजमहाल सर्वजण पाहतातच, पण किल्ला चुकवू नये. मे १६६६ मध्ये शिवाजीमहाराज आग्र्यात औरंगजेबाच्या दरबारात गेले, तो प्रसंग आणि ऑगस्टमधील सुटका मुलांना पाठ असते. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे.

दिल्लीत मुक्कामासाठी मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशी जागा हवी, बाकी निकष दुय्यम. मराठी जेवणाची ओढ आवरत नसेल, तर कस्तुरबा गांधी मार्गावरील नव्या महाराष्ट्र सदनाची (२०१३) आणि कोपर्निकस मार्गावरील जुन्या सदनाची चौकशी करावी. पहाडगंज भागात दिल्लीकर मराठी मंडळींची जुनी वस्ती आणि 'नूतन मराठी' ही शाळा आहे. मात्र चार दिवसांत चारही दिवस वरण-भातच शोधणाऱ्यांनी एवढ्या लांब का जावे, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

जांभळी मार्गिका

पुण्यात मेट्रो २०२२ मध्ये धावू लागली. दिल्लीत ती डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाली आणि आज ते जाळे इतके पसरले आहे, की पाहुण्याने खासगी गाडी भाड्याने घेण्याचे कारण उरत नाही. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही आपली मार्गिका जांभळी. दिल्लीतही जांभळीच मार्गिका पर्यटकाच्या सर्वाधिक उपयोगाची, हा योगायोग मुलांच्या चटकन लक्षात राहतो. तिच्यावर लाल किला, जामा मशीद, केंद्रीय सचिवालय (म्हणजे कर्तव्यपथ), हुमायूनच्या कबरीसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियम आणि कालकाजी मंदिर ही स्थानके एका रांगेत येतात. केंद्रीय सचिवालयाला गाडी बदलून पिवळ्या मार्गिकेवर गेले, की एका टोकाकडे चांदनी चौक आणि दुसऱ्या टोकाकडे कुतुबमिनार. गाडीच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. कुटुंबातील पुरुषांनी त्यात घाईने शिरू नये. विमानतळाकडून शहरात येणाऱ्या मार्गिकेवर एका स्थानकाचे नाव 'शिवाजी स्टेडियम' आहे, आणि सर्वोच्च न्यायालय ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव टिळक मार्ग. पुणेकराला परकेपणा वाटू नये याची एवढी तजवीज पुरे.

लाल किल्ला : अर्धा दिवस, मंगळवार ते रविवार

शाहजहानने १६३९ मध्ये हा किल्ला बांधावयास घेतला आणि नऊ वर्षांत पुरा केला. २००७ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. लाहोरी दरवाजातून आत गेल्यावर छत्ता चौकाची आच्छादित बाजारपेठ, मग नौबतखाना, दिवाण-इ-आम आणि शेवटी यमुनेच्या जुन्या पात्राकडील बाजूस दिवाण-इ-खास असा क्रम आहे. नदी आता दूर सरकली आहे. बहुतेक सहली दिवाण-इ-खासपाशी छायाचित्रे काढून परततात. मराठी कुटुंबाने मात्र तेथे थोडे थांबावे.

या संगमरवरी दालनाचे छत एके काळी चांदीने मढवलेले होते. मयूरासन नादिरशहाने १७३९ मध्ये नेले, चांदी मात्र आपण काढली. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेला देण्यास पैसा नव्हता. पुण्याहून रसद येत नव्हती, उत्तरेतील मित्र दुरावत होते. भाऊंनी छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली. सूरजमल जाटाला ते रुचले नाही, असे सांगतात. पाच महिन्यांनी पानिपत झाले. मार्गदर्शक ही गोष्ट सांगताना अनेकदा 'लुटेरे' हा शब्द वापरतात. मुलांनी विचारले तर ती झाकू नये. विजयी फौज उपाशी होती, हे त्यांना कळले तर पानिपतचा पराभव त्यांना अधिक नीट कळेल.

दुसरा प्रसंग १७८८ चा. रोहिला सरदार गुलाम कादिर याने किल्ला ताब्यात घेऊन वृद्ध शाह आलमचे डोळे काढले. महादजींनी पाठवलेल्या राणेखानाच्या फौजेने दिल्ली सोडवली, बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले आणि गुलाम कादिरला पकडून ठार केले. मराठ्यांचा हा दिल्लीवरचा अंमल ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत संपला. जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि अंध बादशहा इंग्रजांच्या आश्रयाला गेला. म्हणजे इंग्रजांनी दिल्ली घेतली ती मोगलांकडून नव्हे, शिंद्यांच्या फौजेकडून. पाठ्यपुस्तकात ही ओळ क्वचितच ठळकपणे येते.

किल्ल्याच्या तटावर पंडित नेहरूंनी पहिला तिरंगा फडकावला तो १५ नव्हे, १६ ऑगस्ट १९४७ रोजी. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला १९४५ मध्ये याच किल्ल्यात चालला. २०१९ पासून ब्रिटिशकालीन बराकींत त्यावरील संग्रहालय आहे, ते पाहण्यासारखे आहे. तिकीट ऑनलाइन काढावे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क नसते. सुरक्षा तपासणी कडक असते, पिशव्या कमी ठेवाव्यात. आत चालणे बरेच आहे, हे ज्येष्ठांना आधी सांगावे.

किल्ल्याबाहेर चांदनी चौक आहे. दुपारी तेथे चालत फिरावे, दरीबा कलानच्या तोंडाशी जिलबी खावी, पराठेवाली गल्ली पाहावी आणि शीशगंज गुरुद्वारात डोके टेकवावे. थंडीत 'दौलत की चाट' नावाचा दुधाच्या फेसाचा पदार्थ मिळतो. तोंडात घालताच तो नाहीसा होतो, आणि पैसे कशाचे दिले असा प्रश्न घरातील काटकसरी सदस्य हमखास विचारतो.

कालकाजी, तालकटोरा

लोटस टेंपल (१९८६) पाहायला हजारो मराठी पर्यटक जातात. सत्तावीस पाकळ्यांची ती बहाई वास्तू सुंदरच आहे. पण तिच्या जवळच कालकाजीचे देऊळ आहे आणि तिकडे फारच थोडे वळतात. त्या देवळाचा सध्याचा जुना भाग १७६४ च्या सुमारास मराठ्यांनी बांधला, अशी परंपरा आहे. त्याही आधी, मार्च १७३७ मध्ये, पहिले बाजीराव मोगल सेनापतींना मागे टाकून अकस्मात दिल्लीवर आले, तेव्हा त्यांचा तळ याच कालिकेच्या परिसरात पडला होता. नंतर ते तालकटोऱ्याकडे सरकले. बाहेर पडलेल्या मोगल फौजेचा त्यांनी पराभव केला, पण शहर न जाळता ते माघारी फिरले. चिमाजीअप्पांना त्यांनी लिहिलेल्या पत्रात त्याची कारणे आली आहेत. तालकटोऱ्याच्याच मैदानावर फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्षस्थानी डॉ. तारा भवाळकर होत्या. दिल्लीतील त्याआधीचे संमेलन १९५४ चे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालचे. बाग आजही आहे, सावली दाट आहे आणि डबा उघडून बसायला जागा उत्तम.

उरलेले दिवस

सोमवारी सकाळी हुमायूनची कबर पाहावी. ताजमहालाची ही पूर्वजच म्हणावी लागेल. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये बहादूरशहा जफर येथेच इंग्रजांच्या हाती लागला. २०२४ पासून आवारात नवे संग्रहालय आहे, आणि शेजारच्या सुंदर नर्सरीत आजी-आजोबांना बाकावर बसवून मुलांना मोकळे सोडता येते. दुपारी कुतुबमिनार. उंची बहात्तर मीटरहून थोडी अधिक, आत ३७९ पायऱ्या. त्या चढता मात्र येत नाहीत, कारण डिसेंबर १९८१ मध्ये आतील चेंगराचेंगरीत पंचेचाळीस जण, बहुतांश शाळकरी मुले, मृत्युमुखी पडले आणि तेव्हापासून प्रवेश बंद आहे. शेजारचा दीड हजार वर्षांहून जुना लोहस्तंभ अजून गंजलेला नाही.

नव्या दिल्लीची घोषणा डिसेंबर १९११ च्या दरबारात झाली आणि शहराचे उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये. कर्तव्यपथावर इंडिया गेटकडून राष्ट्रपती भवनाकडे चालत गेल्यास चढावर भवन हळूहळू दिसेनासे होते. या उतारावरून लुटेन्स आणि बेकर या दोघा वास्तुकारांचे जन्माचे वाकडे आले होते. इंडिया गेटमागील राष्ट्रीय युद्धस्मारक (२०१९) संध्याकाळी पाहावे. अमर जवान ज्योत २०२२ मध्ये तेथील ज्योतीत विलीन झाली, त्यामुळे जुन्या आठवणीने ती कमानीखाली शोधू नये. राष्ट्रपती भवनासाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि प्रत्येकाचे ओळखपत्र लागते. लहान मुलांना चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालय सर्वांत आवडते. पतियाळा संस्थानची एका रुळावर चालणारी वाफेची गाडी तेथे आहे. अक्षरधामला मोबाइल आत नेता येत नाही. तो जमा करण्याच्या रांगेचा वेळ धरूनच निघावे.

सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात सहसा नसलेले, पण महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी आवर्जून पाहावे असे ठिकाण म्हणजे २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण येथे झाले. २०१८ मध्ये तेथे उघडलेले राष्ट्रीय स्मारक खुल्या पुस्तकाच्या, म्हणजे संविधानाच्या आकाराचे आहे. पिवळ्या मार्गिकेवरील सिव्हिल लाइन्स स्थानकापासून ते जवळ पडते. सोमवार टाळावा. त्याच दिवशी ३० जानेवारी मार्गावरील गांधी स्मृतीलाही जाता येते. गांधीजींची अखेरची पावले तेथे सिमेंटमध्ये उमटवलेली आहेत. ती मोजत मुले निमूटपणे चालतात, त्यांना गप्प बसण्यास सांगावे लागत नाही.

एखादा दिवस अधिक असेल तर पानिपत. दिल्लीपासून अंतर सुमारे नव्वद किलोमीटर, रेल्वे आणि बस दोन्ही सोयीच्या. शहराबाहेर 'काला आंब' येथे विटांचा साधा स्तंभ आहे आणि भोवती बाग आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव आणि भाऊसाहेब याच परिसरात पडले. दरवर्षी त्या तारखेला महाराष्ट्रातून गेलेले लोक आणि स्वतःला मराठ्यांचे वंशज मानणारा हरियाणातील रोड समाज तेथे जमतो. पण संक्रांतीच्या दिवसांत तेथे धुके इतके दाट असते, की स्तंभ दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. वयस्कर माणसे बरोबर असतील तर मार्चमध्येच जावे, सकाळी आठची गाडी पकडावी आणि ऊन चढण्याआधी बागेतील झाडाखाली जागा धरावी.